आकाशातील मृगाचा मागोवा

नक्षत्रांची नावे मराठी माणसाला पंचांगातून, पाऊसपाण्याच्या बोलण्यातून आणि महिन्यांच्या नावांतून परिचित असतात. मात्र त्यांपैकी एखादे नक्षत्र प्रत्यक्ष आकाशात दाखविण्यास सांगितले असता अनेकांना ते जमत नाही. ही ओळख करून घेण्यास दुर्बिणीची आवश्यकता नाही. हिवाळ्यातील निरभ्र रात्र आणि मृग नक्षत्र एवढ्यावर आरंभ करता येतो.

डिसेंबरच्या मध्यास मृग मध्यरात्रीच्या सुमारास आकाशात सर्वांत उंच असतो. जानेवारीच्या अखेरीस हीच स्थिती रात्री नऊच्या सुमारास दिसते. त्या वेळी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास चार ठळक ताऱ्यांचा मोठा चौकोन आढळतो. भारतीय कल्पनेनुसार हे हरिणाचे चार पाय होत. चौकोनाच्या मध्यभागी एका रेषेतील तीन तारे म्हणजे हरिणाच्या पोटात शिरलेला बाण. वरच्या दोन ताऱ्यांच्या मध्ये, किंचित वर, मंद ताऱ्यांचा लहानसा पुंजका दिसतो. तेच हरिणाचे मस्तक, अर्थात मृगशीर्ष. पाश्चात्त्य परंपरेत हाच तारकासमूह ‘ओरायन’ या शिकाऱ्याच्या रूपाने ओळखला जातो. लोकमान्य टिळकांनी वेदांच्या प्राचीनतेविषयी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नावही ‘ओरायन’ असेच आहे.

बाणाची रेषा डावीकडे खाली वाढविल्यास व्याध हा तारा भेटतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा असून तो सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. तीच रेषा उजवीकडे वर नेल्यास तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका आढळतो. चौकोनातील वरचा डावा तारा काक्षी लालसर, तर खालचा उजवा राजन्य निळसर पांढरा आहे. रंगातील हा भेद तापमानामुळे होतो. लालसर तारा तुलनेने थंड, तर निळसर तारा अधिक उष्ण असतो. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी काक्षीचे तेज साध्या डोळ्यांनाही जाणवेल इतके घटले होते. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेला धुळीचा ढग त्यास कारणीभूत असल्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी पुढे काढला.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. मृगाचा पाऊस जूनमध्ये येतो, मग मृग हिवाळ्यात कसा दिसतो? पंचांगात दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते, याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. सूर्याच्या पार्श्वभूमीवर असलेले नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवते आणि मावळते, त्यामुळे ते दिसू शकत नाही. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे प्रत्येक तारा दररोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास, लवकर उगवतो. सहा महिन्यांनी मृग सूर्याच्या विरुद्ध बाजूस येतो व रात्रभर दिसतो. ज्या नक्षत्राच्या नावाने शेतकरी पेरणीची तयारी करतो, ते त्या दिवसांत आकाशात दिसत नाही ते याच कारणाने.

चंद्र मात्र हाच मार्ग सुमारे २७.३ दिवसांत पूर्ण करतो. त्याच्या मार्गाचे २७ भाग कल्पून नक्षत्रे ठरविण्यात आली. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले: कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, मघांवरून माघ.

निरीक्षकाच्या स्थानानुसारही आकाश बदलते. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास स्थानिक अक्षांशाइतका उंच दिसतो. श्रीनगरला सुमारे ३४ अंश, मुंबईत १९, तर कन्याकुमारीस केवळ ८ अंश. याउलट दक्षिणेचा अगस्त्य तारा दिल्लीत क्षितिजापासून जेमतेम ९ अंश वर येतो, मात्र कन्याकुमारीस सुमारे २९ अंशांपर्यंत चढतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांचे माप देते.

संपूर्ण काळोख्या ठिकाणी एका वेळी अडीच ते तीन हजार तारे साध्या डोळ्यांनी दिसू शकतात. महानगरांत ही संख्या काही डझनांवर येते. वर आणि आडवा पसरणारा दिव्यांचा प्रकाश हवेतील धूलिकणांवरून विखुरतो आणि मंद तारे त्यात लोपतात. व्याध, काक्षी टिकून राहतात. मृगाचे मस्तक मात्र प्रथम नाहीसे होते. या हानीची दखल आता घेतली जात आहे. लडाखमधील हानले येथील वेधशाळेभोवतीचे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र डिसेंबर २०२२ मध्ये काळोख्या आकाशासाठी राखीव म्हणून अधिसूचित करण्यात आले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये अशा प्रकारचे भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तेथे परिसरातील गावांमधील दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळविण्यात आला.

शहरवासीयांनी अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी, थेट दिव्यापासून आडोसा घ्यावा आणि डोळे अंधारास सरावण्यास वीस ते तीस मिनिटे द्यावीत. त्यानंतर चौकोनाच्या वरच्या बाजूस ते तीन मंद तारे दिसतात का, हे पाहावे. आपल्या गावावरील आकाश कितपत काळोखे उरले आहे, याचे उत्तर त्यातच मिळते.