औषधपाण्याचे दप्तर मोबाईलमध्ये

२०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि कोल्हापुरातील अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी वैद्यकीय फायली वाचवायला कुणाला सवड असते? कागदांची छायाचित्रे मोबाईलमध्ये असणे म्हणूनच हिताचे. परंतु लग्नकार्यांच्या शेकडो छायाचित्रांत ती विखुरलेली असतील, तर असून नसल्यासारखीच!

क्रम महत्त्वाचा का? छातीत दुखू लागल्यावर काढलेल्या ईसीजीतील बदल नवा की जुनाच, हे पूर्वीचा ईसीजी समोर असल्यास लवकर उमगते. क्रिएटिनीनच्या एका अहवालापेक्षा तीन वर्षांचे अहवाल मूत्रपिंडांविषयी अधिक सांगतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांची मात्रा आणि वेदनाशामकांचा निर्णय त्यांवर अवलंबून असतो.

जुन्या दप्तरखान्यांत मोडी कागद रुमालात बांधून ठेवीत. तीच शिस्त येथेही उपयोगी पडते.

नोंदींच्या अॅपमध्ये घरातील प्रत्येकाची स्वतंत्र वही करावी. नोंदीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस व तपासणी लिहावी. उदाहरणार्थ, ‘२०२५-०६-१४ क्रिएटिनीन’. त्यामुळे नावांनुसार लावल्यास नोंदी आपोआप कालक्रमाने लागतात. लेबले पाचच पुरेत : औषधे, रक्ततपासणी, हृदय, शस्त्रक्रिया, विमा. शब्द मात्र ठरलेलेच वापरावेत. एकदा ‘शुगर’ आणि एकदा ‘साखर’ लिहिले, तर शोध घेताना निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

सर्वांत वर एक सारांश असावा : आजार, चालू औषधे व मात्रा, कोणत्या औषधाची अॅलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि नातलगांचा दूरध्वनी. थांबवलेल्या औषधांच्या चिठ्ठीवर ‘बंद’ असे लेबल न चुकता लावावे. जुनी चिठ्ठी चालू समजून गोळ्या आणल्या गेल्यास अपाय होऊ शकतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला जोडलेले अहवाल आपल्या संमतीने डॉक्टरांना पाहता येतात. तरीही घरची वही ठेवावीच, कारण सर्वच दवाखाने या व्यवस्थेला जोडलेले नसतात.

मोबाईलला कुलूप अवश्य असावे. पण ते उघडण्याचा अंक घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा. सारांशाची एक छापील प्रत आजी-आजोबांच्या पाकिटातही ठेवावी. बॅटरी संपली तरी ती वाचता येते.