बिनतारी माईक कोणाच्या हाती?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती माईकविना. साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून तुरुंगाच्या भिंतींपलीकडे पोहोचली. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन फैजपूरला झाले. तुरुंगातील मंडळींना पुरणारा कंठ अशा जनसमुदायाला पुरणे शक्य नसते. सार्वजनिक जीवन जसजसे विस्तारले, तसतशी माईक आणि कर्णे ही सभेची अपरिहार्य साधने ठरली. मात्र या साधनांनी एक बंधनही लादले. माईकची तार जेथवर जाई, तेथवरच बोलण्याचा अधिकार पोहोचे.

लोककलावंताला हे बंधन अधिक जाचले. डफाच्या तालावर अंग झोकून देणारा खानदेशी वहीगायक किंवा रंगमंचभर वावरणारा तमाशातील सोंगाड्या माईकच्या दांडीपुढे येऊन थबकू लागला. वग रंगात आला असता त्याने पाठ फिरविली की संवाद हरवे. बिनतारी माईकने, मांडववाल्यांच्या भाषेत ‘कॉर्डलेस’ने, हा पायबंद काढला.

परंतु तार गेली म्हणजे पथ्ये संपली असे नव्हे. हातातील माईक हा एक छोटा प्रक्षेपकच असतो आणि त्याची शक्ती साधारणतः १० ते ५० मिलिवॅट इतकी अल्प असते. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर. वक्त्याचे शरीरही तिला अडवू शकते. म्हणून चांगल्या ग्राहकयंत्राला दोन अँटेना असतात. एकीवरील संकेत क्षीण झाला की दुसरीवरील उपयोगी पडतो. हे यंत्र गर्दीमागे जमिनीवर न ठेवता, मध्ये आडोसा येणार नाही अशा उंचीवर ठेवावे लागते. पुष्कळ गायक ऐटीने माईकच्या जाळीभोवती मूठ आवळतात. त्यामुळे समोरचाच आवाज टिपण्याचा त्याचा गुण नाहीसा होतो आणि कर्णे शिट्टी घालू लागतात. दोष मात्र संच भाड्याने देणाऱ्याच्या माथी मारला जातो.

लहरींच्या राज्यातही आता गर्दी आहे. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेकडे गेला. त्या पट्ट्यातील जुने संच घेणे शहाणपणाचे नाही. अमेरिकेने तर २०१० सालीच तेथील माईक बंद केले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या साधनांना परवान्याची सूट आहे, पण तेथे वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचीही दाटी असते. तेव्हा तारेचा एक माईक जवळ असणेच बरे.

मात्र खरा प्रश्न यंत्राचा नाही, वृत्तीचा आहे. बिनतारी माईकचा सर्वांत मोठा गुण हा की तो एका हातातून दुसऱ्या हातात सहज जातो. नेमका हाच गुण अनेक सभांतून वाया जातो. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. चोपडा वा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यावरून आलेली एखादी बाई मागे उभी राहून पावरीत किंवा अहिराणीत पाण्याचा प्रश्न विचारते. तिचा प्रश्न पुढच्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. उत्तर मात्र कर्ण्यांतून साऱ्या गावाला ऐकू येते. गावाला प्रश्नच ठाऊक नसेल, तर त्या उत्तराची पारख गावाने करावी कशी?

माईक लोकांत फिरविल्यास गोंधळ माजेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय माईक अडवून ठेवणे हा नव्हे. प्रत्येकी एक प्रश्न, दोन मिनिटांची मर्यादा आणि माईक घेऊन फिरणारा एक निःपक्ष माणूस, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. पालिकांच्या नाट्यगृहांनी आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी असे दोन चांगले संच, पुरेशा सेलांसह, स्वतःचे ठेवावेत. एखाद्या स्थानिक तरुणाला ते हाताळण्याचे शिक्षण द्यावे. कलावंतांनाही ते माफक भाड्याने मिळावेत. व्यासपीठावरील मंडळींना आवाजाची वाण कधीच नव्हती. पुढच्या ग्रामसभेत माईक पहिल्यांदा मागच्या रांगेकडे गेला, तर या साधनावरचा खर्च सार्थकी लागेल.