पोतेदाराचा कागद

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत आणि त्यांच्या मध्यभागी मांडवीचा चौक आहे. तेथून पूर्वेकडे निघालेला रस्ता ज्या दरवाजाला जाऊन मिळतो तो पाणीगेट. या अंगाला गुजरातच्या सुलतानांच्या अमलापासूनचे भद्र असून त्याच वास्तूत पुढे गायकवाडांची कचेरी भरू लागली. आणि मांडवीच्या भोवतालच्या पोळांतून, कोरीव लाकडी खांबांच्या हवेल्यांच्या तळमजल्यांवर, शहरातील सराफ-सावकारांच्या गाद्या अंथरलेल्या असत. पाणीगेटाहून मांडवीला चालत जाण्यास धडधाकट माणसाला फारसा वेळ लागत नाही. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षे बडोद्याच्या राज्याचा प्राण या थोडक्या अंतरात घुटमळत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कचेरीतून पेढीवर आणि पेढीवरून कचेरीत जे कागद जात-येत, त्यांच्यावर शिबंदीचा पगार, महालांचा वसूल, दिवाणाची दिवाणगिरी आणि प्रसंगी गादीवरील धन्याची अब्रूही अवलंबून असे.

हे सावकार ‘पोतेदार’ म्हणून ओळखले जात. हरिभक्ति, सामळ बेचर, मंगळ सखीदास, रतनजी कहानदास, मैराळ नारायण ही त्यांतील ठळक नावे. बहुतेक गुजराती वाणी. पण मैराळांचे घराणे मराठी ब्राह्मणांचे, आणि त्यांच्यापैकी गोपाळराव मैराळ यांनी मल्हारराव महाराजांच्या आरंभीच्या काळात दिवाणगिरीही केली. हरिभक्ति हे एका माणसाचे नाव नसून हरि व भक्ति या दोघा भावांची नावे जोडून झालेले पेढीचे नाव आहे; भाऊ निवर्तले, त्यांचे वंशज आले, तरी नाव तेच राहिले. पेढीच्या नावातच घर गोवलेले असावे, ही गोष्ट पुढे सांगावयाच्या मजकुराच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पोतेदारीचा व्यवहार वरवर पाहता सरळ होता. वसूल हंगामाला यावयाचा आणि शिबंदीचा तगादा बारमाही; मधल्या महिन्यांत पोतेदाराने सरकारात रोकड भरावयाची आणि त्याबद्दल अमुक महालाच्या उत्पन्नावर त्याला वरात, म्हणजे वसुलीची चिठ्ठी, मिळावयाची. व्याज, त्यावर मनोती (कर्ज पुरविल्याबद्दलचा जादा मोबदला), आणि नाण्यानाण्यांतील बट्टा, अशा तीन वाटांनी सावकाराकडे नफा येई. बट्ट्याची वाट सर्वांत अरुंद, परंतु माझ्या मते सर्वांत फायद्याची होती. कारण बडोद्याचा बाबाशाही रुपया, भडोची, सुरती आणि नंतर कंपनीचा कलदार ही नाणी एकाच बाजारात चालत असून त्यांचा परस्पर भाव कोणत्या दिवशी काय होता, हे पेढीच्या वहीखेरीज अन्यत्र खात्रीने कळत नसे. कालगणनेचाही असाच घोळ. दरबारच्या मराठी दफ्तराचे साल मृगाला पालटावयाचे, वाण्याचे संवत्सर दिवाळीनंतर कार्तिकात उघडावयाचे, आणि पत्राच्या शेवटी तारीख पडावयाची ती बहुधा मुसलमानी महिन्याची. तीन पंचांगांतून एका कर्जाचे व्याज ज्याला बिनचूक मांडता येई, असा कारकून पेढीला पुत्रासारखा वाटला तर नवल नाही.

या व्यवहाराला राज्यकारणाचे स्वरूप आले ते १८०२ साली. आनंदराव गायकवाड गादीवर, रावजी आपाजी दिवाण, आणि शहराच्या चौकीपहाऱ्यांवर अरब शिबंदी, असा तो काळ. अरबांचा पगार थकलेला होता, आणि पूर्वीच्या अनेक करारांना तेच जामीन राहिलेले असल्यामुळे ते हटेनात. शेवटी कंपनीच्या फौजेने डिसेंबरात शहर घेतले, आणि अरबांची देणी वारून त्यांना निरोप देण्याकरिता सुमारे ४१ लाखांचे कर्ज उभे करण्यात आले. त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम कंपनीने दिली व बाकीची सावकारांनी. सावकारांनी ती दिली ती मात्र कंपनीच्या ‘बहांदारी’वर, म्हणजे जामीनकीवर. अरबांच्या जागी इंग्रज जामीन बसले, एवढाच त्याचा अर्थ रेसिडेंट मेजर वॉकर याने प्रथम घेतला असेल. सावकारांनी मात्र त्यातील मख्खी तत्काळ ओळखली. गायकवाडाने पैसे थकविले तर दाद मागावयाची ती आता रेसिडेन्सीत, ही सोय त्यांनी पुढे तीस वर्षे मनमुराद वापरली. १८२० मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्वतः बडोद्यास आला तेव्हा दरबारचे देणे एक कोटीच्या वर गेलेले होते; १८२८ मध्ये त्याच बहांदारीच्या आधारे इंग्रजांनी काही महाल जप्त केले; आणि १८३२ मध्ये गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्यास येऊन सावकारांशी तडजोड झाली तेव्हा कोठे ते सुटले. दुसऱ्या सयाजीरावांनी ‘गणेश-ईश्वर’ या नावाने सरकारचीच पेढी उघडली ती या सावकारी पाशातून मोकळे होण्यासाठी. हिशेबाचेच आणखी एक प्रकरण आहे. गायकवाडांचे वकील गंगाधर शास्त्री पटवर्धन १८१५ च्या जुलैत पंढरपुरास मारले गेले, त्या प्रकरणाची कथा कारस्थानाच्या अंगाने पुष्कळदा सांगितली जाते. पण शास्त्री पुण्यास गेले होते ते पेशवे व गायकवाड यांच्यातील जुन्या हिशेबाचा उलगडा करण्यासाठी, हे सांगताना आपले लेखक घाईत असतात.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळू. मराठीत लिहिलेले सावकारी पत्र म्हणजे हातकागदाचा एक लांबट ताव असतो. डाव्या बाजूला घडीचा समास सोडलेला, माथ्यावर ‘श्री’, आणि तिच्याखाली बोरूने एका दमात ओढलेली मोडी. रेघ आधी वर आखून घ्यावयाची आणि अक्षरे तिला लोंबत ठेवावयाची, यामुळे कारकुनाचा हात ओळीभर उचलला जात नाही व शब्द कोठे तुटतो हे नवशिक्याला उमगत नाही. शाई ओली असतानाच वर बारीक वाळू टाकण्याची रीत होती, त्यामुळे घडी उलगडताना तिचे चकाकणारे कण अजूनही बोटांना लागतात. मायना ठरलेला. समोरचा परका असेल तर ‘राजश्री’ आणि ‘गोसावी यांसी’, वडील असतील तर ‘तीर्थरूप’, धाकटा असेल तर ‘चिरंजीव’. मग इकडील कुशल कळवून तिकडील कुशल विचारावयाचे, आणि ‘विशेष’ या शब्दापाशी मूळ मजकुराला हात घालावयाचा. हा मायना कोणी पोकळ शिष्टाचार समजू नये. परगावच्या दुकानावरील गुमास्ता धन्याच्या पत्रातील मायन्यात एक उपाधी कमी पडली की आपल्यावरील मर्जी उतरली असे समजत असे, आणि ऋणकोला ‘राजमान्य’ लिहिणे बंद झाले की तगाद्याची पुढची पायरी कोणती हे त्यास वेगळे सांगावे लागत नसे.

हुंडी हा या पत्रव्यवहाराचाच एक प्रकार. तिलाही मायना असतो, कुशल असते, स्थळाच्या नावापूर्वी ‘शुभस्थान’ असते. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावयाची आणि मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर. धनीजोग हुंडीचा पैसा नाव लिहिलेल्या धन्यासच मिळावयाचा, शहाजोग हुंडीचा बाजारातील कोणाही प्रतिष्ठित शहास. रक्कम केवळ आकड्यांत लिहून भागत नसे. हजाराची हुंडी असेल तर हजार अक्षरी लिहावयाचे, त्याचे निम्मे पाचशे म्हणून पुन्हा लिहावयाचे, आणि त्याची दुप्पट हजार म्हणून तिसऱ्यांदा. एखाद्या लबाडाने एका ठिकाणी शून्य वाढविले तरी दुसऱ्या ठिकाणचे निम्मे त्याला उघडे पाडी. हुंडी हरवली तर पेठ म्हणजे तिची दुसरी प्रत, पेठ हरवली तर परपेठ म्हणजे तिसरी. आणि हे सारे कागद पोचवावयाचे ते कासीद, जासूद किंवा आंगडियांच्या हातून. त्यांच्या इमानावर सराफांचा इतका भरवसा असे की पावतीचा प्रश्न क्वचितच निघे.

अशा कागदांच्या पुडक्यात हात घातला की वाचकाची पहिली अडचण ही होते की घरगुती पत्रे कोणती व धंद्याची कोणती, याची वाटणी करता येत नाही. मुलीच्या लग्नाचे कळविणारे पत्र हुंडीच्या सकारणीवर येऊन संपते, आणि वसुलाच्या पत्रात मधेच कोणाच्या तरी ज्वराची चौकशी निघते. ही लिहिणाराची अव्यवस्था नव्हे. पेढीला भागीदारीचा छापील करार नव्हता, भागभांडवल नव्हते. तिची पत होती ती धन्याच्या देहावर आणि त्याच्यामागे गादी चालविणाऱ्या पुत्रावर. धन्याला पुत्र झाला ही बातमी दूरच्या सराफाला हुंडीचा भाव ठरविण्यासाठी लागे. धनी निपुत्रिक वारला तर दत्तक कोण, विधवेचे मत काय, कारभारी कोणाच्या बाजूचा, ही विचारणा त्याच आठवड्यात चहूकडून यावयाची. लग्नाचा खर्च कमी केला तर पेढी डळमळली अशी वदंता उठे, म्हणून तंगीच्या सालातच जेवणावळी मोठ्या घातल्या जात. सुतकातही दिवा लावून वही लिहिली गेली पाहिजे, हा दंडक याच भीतीतून आला असावा.

घर आणि पेढी यांची ही गाठ किती घट्ट होती, हे जोईताबाईच्या प्रकरणात साऱ्या हिंदुस्थानला दिसले. बेचर सामळ या बड्या सावकाराची ही विधवा. आपल्या अपत्याच्या आणि मत्तेच्या बाबतीत पेढीचा कारभारी बाबा नफडे याने आपला घात केला, अशी तिची फिर्याद होती. एरव्ही ज्ञातीच्या पंचांपुढे मिटावयाचा हा तंटा; परंतु कारभाऱ्याचे हात दरबारापासून मुंबईच्या सचिवालयापर्यंत पोचले आहेत असे १८४७ पासून रेसिडेंट असलेल्या कर्नल औट्रामच्या मनाने घेतले, आणि त्याने तिची बाजू उचलली. १८५१ मध्ये त्याने लाचलुचपतीवरील आपला सुप्रसिद्ध ‘खटपटी’चा अहवाल धाडला, मुंबई सरकारने उलट त्यालाच बडोद्याहून हलविले, आणि विलायतेच्या पार्लमेंटपुढे बडोद्याचे कागद छापून ठेवावे लागले. त्या वेळी दिवाण होते भाऊ तांबेकर. त्यांचा वाडा भिंतींवरील चित्रांकरिता आजही लोक मुद्दाम पाहावयास जातात. एका स्त्रीच्या मांडीवरील मुलापासून निघालेली तक्रार एवढी लांब गेली, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. ते मूल म्हणजेच पेढी होती.

आमच्या संशोधकांनी या पत्रांकडे पाहिजे तितके लक्ष दिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. राजवाड्यांपासून पुढे सर्वांनी मोडी पत्रांचे डोंगर उपसले, पण नजर लढाई आणि तहावर. ज्या बाजीरावाच्या स्वाऱ्यांचे आपण पोवाडे गातो, तो चासकर जोशांच्या सावकारी घराण्याचा जावई होता आणि ब्रह्मेंद्रस्वामींचा ऋणको होता; पारसनिसांनी स्वामींची पत्रे छापली तेव्हा भाविकांना त्यांत तपश्चर्येपेक्षा व्याजाचा विचार अधिक दिसून किंचित चमत्कारिक वाटले असेल. बडोद्यात परिस्थिती तुलनेने बरी आहे. संस्थानने १९३४ पासून ऐतिहासिक निवडक कागदांचे खंड काढले. गेन्स व बनाजी यांनी इंग्रजी कागदपत्रांचे दहा खंड संपादिले. सरकारी रुमाल कोठीच्या दफ्तरखान्यात आहेत आणि हरिभक्तींचा संग्रह विश्वविद्यालयाच्या इतिहास विभागात आहे. वाचणारे हात मात्र थोडे, कारण वाण्याची गुजराती आणि कारकुनाची मोडी या दोन्ही ज्याला येतात असा अभ्यासू विरळा.

पोतेदारांच्याच काळात, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतील आडगावी बसलेला एखादा बँकवाला काय लिहीत होता, याच्याशी ताडून पाहिले तर मौज वाटते. १८३६ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेची सनद संपली आणि १८६३ च्या राष्ट्रीय बँक कायद्यापर्यंत गावोगावच्या बँकांनी आपापल्या नोटा काढल्या. कोणती नोट कोठे किती बट्ट्याने घ्यावी, याच्या याद्यांची नियतकालिके निघत. म्हणजे बाबाशाही-भडोचीचाच घोळ, कागदी रूपात. तेथील बँकवालाही बायकोच्या प्रकृतीखाली गव्हाचा भाव लिही, आणि आपल्या गावातील कोणता दुकानदार दारू पितो हे न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला कळवी. लुइस टॅपन याने १८४१ मध्ये अशा खबरी जमवून विकण्याची पेढीच उघडली. मात्र तेथे ओल्या पातळ कागदावर पत्र दाबून नक्कल उमटविण्याचे यंत्र होते, त्यामुळे धाडलेल्या पत्रांच्या बांधीव वह्याच्या वह्या उरल्या. आमच्याकडे नक्कल करावयाची ती कारकुनाने, हाताने, आणि त्यास फुरसत मिळाली तर.

तिसरे सयाजीराव १९०६ मध्ये अमेरिकेस गेले. राल्फ व्हाइटनॅक नावाचा अमेरिकन गृहस्थ संस्थानचा आर्थिक सल्लागार झाला, आणि संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास आदी मंडळींच्या साहाय्याने २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. भरणा भांडवल १० लाख, आणि पहिले ठाणे त्याच मांडवीत. पोतेदारांच्या गाद्यांपासून काही पावलांवर. नव्या बँकेने ताळेबंद छापण्यास सुरुवात केली. पुढे १९१३ पासून देशातील कितीतरी बँका पटापट बुडाल्या, तेव्हा ठेवीदार धावले ते भांडवल, रोकड आणि गंगाजळी यांचे आकडे विचारीत. संचालकाच्या घरी पुत्र आहे की दत्तक घ्यावयाचा आहे, याची चौकशी करण्याचे कोणास कारण पडले नाही. बडोद्याची बँक त्या तडाख्यातून तगली.