नभोलहरी कोणाच्या, खेळ कोणाचा?

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथून चिन्नस्वामी क्रीडांगण सुमारे २५ किलोमीटरवर. परंतु पाळीवर काम करणाऱ्या माणसाला हे अंतर त्याहून कितीतरी अधिक वाटते. त्याचे क्रीडांगण म्हणजे खोलीतील दूरचित्रवाणीचा पडदा. सामना ऐन रंगात यावा आणि पडदा कोरा व्हावा, असे अशा वस्तीतील क्रीडाप्रेमींच्या वाट्याला आले, तेव्हा दोष प्रत्येक वेळी हवामानाचा किंवा यंत्राचा नव्हता. कित्येकदा तो प्रक्षेपणाच्या हक्कांवरील तंट्याचा होता.

या तंट्याचे मूळ १९९३ सालच्या हिरो करंडक स्पर्धेत सापडते. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क दूरदर्शनऐवजी एका परदेशी संस्थेस दिले. १८८५ च्या तार कायद्याकडे बोट दाखवून सरकारने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. अंतिम सामन्यात बंगळूरच्याच अनिल कुंबळे यांनी १२ धावांत ६ गडी बाद करून करंडक भारताकडे आणला. वाद मात्र चालूच राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारने मक्तेदारी सांगू नये आणि धनिकांनीही ती बळकावू नये. तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक मंडळाने करावे, असा त्याचा आशय होता. न्यायपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

मक्तेदारी गेली, खाजगी वाहिन्या आल्या, आणि हक्कांच्या किमती चढत गेल्या. २१ जानेवारी २००७ रोजी नागपुरात भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. संघात परतलेल्या सौरव गांगुली यांनी ९८ धावा काढल्या आणि भारताने तो १४ धावांनी जिंकला. परंतु हक्कधारक कंपनीशी न जमल्यामुळे दूरदर्शनच्या प्रेक्षकांना तो थेट पाहता आला नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या विलंबाने प्रक्षेपणाची तोड काढली. त्याच वर्षी संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यावेत, आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा त्याला मिळावा, अशी ती व्यवस्था आहे.

येथे प्रश्न सुटला असे वाटावे, तोच नवा पेच उभा राहिला. हे फुकटचे संकेत केबलवरूनही घरोघरी गेले, तर हक्कासाठी मोजलेल्या पैशाचे काय, असे खाजगी वाहिन्यांचे म्हणणे होते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. असा सामना दूरदर्शनच्या भूस्थित प्रक्षेपकांवरून आणि त्याच्याच थेट उपग्रह सेवेवरून दाखवावा, केबलवरून नव्हे. त्यानंतर दूरदर्शनने भूस्थित प्रक्षेपक बहुतेक ठिकाणी बंद केले. परिणामी एकाच चाळीत ज्याच्या गच्चीवर दूरदर्शनची तबकडी आहे, त्याला सामना दिसतो. केबलचे पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याला त्याच वाहिनीवर दुसराच कार्यक्रम पाहावा लागतो.

पैसे भरूनही खात्री नाही, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसून आले. नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबलचालकांचे संकेत मोठ्या वाहिन्यांनी १८ तारखेला तोडले. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा तो दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी रवींद्र जडेजा यांनी ४२ धावांत ७ गडी बाद केले आणि कसोटी संपली. तडजोड होऊन वाहिन्या परतल्या त्या त्यानंतर.

उभय पक्षांची बाजू अगदीच निराधार नाही. हक्कांच्या पैशावर क्रिकेट मंडळाचा कारभार चालतो. दर वाढले की केबलचालकाला ग्राहक गमावण्याची भीती असते. मात्र भांडण कंपनी, केबलचालक आणि सरकार यांचे, आणि झळ लागते ती चौथ्याला. इतर मालाचा पुरवठा चार दिवस थांबला तर तो माल मागाहून तरी मिळतो. सामन्याचे तसे नाही. निकाल कळला की त्यातील उत्कंठा गेली. म्हणून सामना चालू असताना संकेत तोडू नयेत, तंटा दोन मालिकांच्या मधल्या काळात मिटवावा, एवढा नियम तरी प्रेक्षकाच्या पदरी पडावा. १९९५ च्या निकालाने ज्या लहरी जनतेच्या ठरवल्या, त्या जनतेत बोम्मसंद्राचा कामगारही आहे.