घरी सोडणारी रुग्णवाहिका: काही गैरसमज

डिस्चार्जचा कागद हातात पडतो, बिल भरून होतं आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की, खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबांना रिक्षात बसवता येणार नाही. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "108 ला फोन करा, फुकट येते."

त्या कामासाठी 108 नाही, आणि ती तशी वापरूही नये. जानेवारी 2014 मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली ही सेवा तातडीच्या रुग्णांसाठी आहे. सुरुवातीला तिच्या ताफ्यात 937 गाड्या होत्या: 233 प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, 704 प्राथमिक सुविधांच्या. अख्ख्या राज्यासाठी एवढ्याच. त्यातली एक कुणाला घरी सोडण्यात गुंतली, तर हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला तेवढा वेळ ती मिळत नाही. 102 ही सेवा मुख्यतः गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातून बाळ-बाळंतिणीला मोफत घरी सोडणंही धरलेलं आहे. म्हणजे परतीच्या प्रवासाची जबाबदारी शासन घेऊ शकतं, पण ती एका गटापुरतीच घेतली गेली. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मणक्याच्या ऑपरेशननंतर ड्रेसिंगसाठी जाणारे असे लोक खासगी गाडीवाल्याच्या दारात उभे राहतात.

"रुग्णवाहिका सगळ्या सारख्याच" हा त्याहून महागात पडणारा समज. एआयएस-125 या वाहन मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. 'ए' प्रथम प्रतिसादासाठी, 'बी' केवळ रुग्ण नेण्या-आणण्यासाठी, 'सी' प्राथमिक जीवरक्षक, 'डी' प्रगत जीवरक्षक. प्रकृती स्थिर असलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला बहुधा 'बी' पुरते. त्याच्याकडून 'डी'चे पैसे घेणं अन्याय आहे. उलट, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नुसता सिलिंडर ठेवलेल्या व्हॅनमध्ये घालणं जिवावर बेतू शकतं. गाडी ठरवताना दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: आत काय आहे आणि मागे रुग्णाजवळ कोण बसणार?

"दर गाडीवाला सांगेल तो" हेही पूर्ण खरं नाही. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणं वाहनाच्या प्रकारानुसार भाडं ठरवून देतात. कोविडच्या काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितलं होतं. मग लूट थांबत का नाही? एक कारण कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार केवळ रुग्णवाहिका म्हणून चालणाऱ्या वाहनाला परवाना लागत नाही. सवलत योग्यच आहे, पण रिक्षावाल्याने जादा भाडं घेतलं तर परवान्यावर टाच आणता येते, इथे ती सोयच नाही. दरपत्रक आहे, पण ते पाळायला लावणारा लगाम ढिला आहे.

म्हणून मला स्थानिक फ्रँचायझीचा, म्हणजे एका विभागातली ही ने-आण करार करून एकाच कंत्राटदाराकडे सोपवण्याचा, विचार गंभीरपणे व्हावासा वाटतो. "फ्रँचायझी म्हणजे सेवा विकून टाकणं" ही समजूत मात्र आधी दूर व्हायला हवी. भिवंडीत 2007 पासून वीज वितरणाची फ्रँचायझी खासगी कंपनीकडे आहे, तरी वीजदर राज्य वीज नियामक आयोगच ठरवतो. रुग्णवाहिकेतही विभाग, दर, गाडीचा दर्जा, पोहोचण्याची वेळ आणि दंड महापालिकेने ठरवायचा. गाडी आणि माणसं कंत्राटदाराची. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून स्ट्रेचर उतरवायला दोन माणसं द्यायची की नाही, एवढा तपशीलसुद्धा करारात हवा, कारण घासाघीस नेमकी तिथेच होते.

अमेरिकेत हे नवं नाही. ओक्लाहोमातल्या तल्सा शहरात 1977 मध्ये 'एम्सा' ही सार्वजनिक संस्था उभी राहिली. अनेक वर्षं तिथे कंत्राटदार एकच, आणि तातडीच्या कामाबरोबर ठरलेल्या वेळेची ने-आणही त्याच्याकडेच. यामागचा हिशेब सरळ आहे. ठरलेल्या फेऱ्यांतून खात्रीचं उत्पन्न येतं, तर तातडीची गाडी कॉलची वाट पाहत उभी ठेवावी लागते. फायद्याच्या फेऱ्या भलत्यांनीच उचलल्या, तर उभ्या गाडीचा खर्च करदात्यावर येतो. कॅलिफोर्नियाचा कायदाही स्थानिक यंत्रणेला एखादा विभाग एकाच सेवेसाठी राखून ठेवू देतो. काही जुन्या सेवा वगळता त्यासाठी स्पर्धात्मक निविदा काढावी लागते.

"एकालाच दिलं की भाव वाढणार" ही भीती पोकळ नाही. मुदत लांबली, दर करारात बांधला नाही, फेऱ्यांची नोंद उघड ठेवली नाही, तर ती खरी ठरेल. पण आजची स्पर्धा तरी रुग्णाच्या किती कामाची? रुग्णालयाच्या फाटकाशी, स्ट्रेचरवर माणूस असताना, चार गाडीवाल्यांकडे दर विचारत कुणी फिरत नाही. स्पर्धा निविदेच्या टेबलावर झाली, तर भाव करायला तिथे सवड असते.

सुरुवात डायलिसिसच्या फेऱ्यांपासून करावी. रुग्ण, केंद्र, वार आणि वेळ आधीच ठाऊक असतात, त्यामुळे गाड्या किती लागतील हे कागदावर मांडता येतं. आपल्याकडे गणेश मंडळं आणि धर्मादाय ट्रस्ट ना-नफा तत्त्वावर रुग्णवाहिका चालवतात. कुठल्याही फ्रँचायझीच्या करारात त्यांना मज्जाव नसेल, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं.