संकेश्वरी तिखटाचे खिमा क्रोकेट

शिजवलेला खिमा बारीक वाटून, पाव-अंड्याने बांधून, बोटभर लांबीचे गोल रोल वळून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळला की क्रोकेट होतो. नाव फ्रेंच आहे. ‘कुरकुर चावणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ते आले. खिम्याच्याच कोफ्त्याचे नाव मात्र फारसीतल्या ‘कुटणे’ या क्रियापदावरून आले. कोफ्त्याच्या नावात खलबत्ता ऐकू येतो, क्रोकेटच्या नावात दात. म्हणून कुरकुरीत नसलेल्या क्रोकेटला क्रोकेट म्हणण्यात अर्थ नाही.

गोव्यावर 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातून हा पदार्थ गोव्यात रुजला. लग्नात, सणाला, बेकरीच्या काचेमागे तो आजही असतो. बेळगावचे गोव्याशी नाते जुने आहे. चोर्ला घाटातून रस्ता, लोंढ्यावरून रेल्वे, आणि कॅम्पातली, म्हणजे छावणीतली, शाळा. सेंट पॉल्स तिथे 1856 मध्ये सुरू झाली. गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबे या छावणीच्या गावात स्थिरावली. निपाणी-चिकोडीकडच्या मराठी घरांना याच कुळातले खिम्याचे गोळे ओळखीचे आहेत, पण ते रश्श्यात सोडायचे. तळून कोरडे खायचे असतील तर कृती बदलावी लागते.

गोव्यात क्रोकेटला बहुधा गोमांस वापरतात. सीमाभागातल्या घरी बकऱ्याचे मटण घ्यावे, मांडीचे, चरबी कमी असलेले, आणि खिमा दोनदा काढून घ्यावा. अर्धा किलो खिम्यात आले-लसणाचे वाटण, हळद आणि मीठ घालून तो शिजवावा. तिखटासाठी लांब जायला नको. निपाणी आणि बेळगाव यांच्यामध्ये महामार्गावरच संकेश्वर आहे. तिथली मिरची झणझणीत. रंग हवा तर थोडी ब्याडगी मिसळावी. घरची कांदा-लसणाची चटणी दोन चमचे घातली तर वेगळा मसाला लागत नाही. गोव्यातला माडाच्या ताडीचा व्हिनेगर मिळाला तर चमचाभर, नाहीतर लिंबू पिळावे.

खरे काम यानंतरचे. खिम्याला सुटलेले पाणी पूर्ण आटवायचे, इतके की उलथन्याने बाजूला केला तर भांड्याच्या तळाशी ओल दिसता कामा नये. बहुतेकांचे क्रोकेट इथेच बिघडतात. आत राहिलेल्या पाण्याची तळताना वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि कवच फुटते. तेवढ्यातून जे टिकतात ते पाच मिनिटांत मऊ पडतात. कांदा घालायचा तर तोही कच्चा नको, तांबूस परतून घालावा.

खिमा निवाला की मिक्सरमधून फिरवावा. त्यात पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले दोन पाव, एक अंडे आणि चिरलेली कोथिंबीर घालून मळावे. पाव खिम्यातला उरलासुरला रस धरून ठेवतो. अंड्यातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि मिश्रण बांधले जाते. एवढ्यात 18 ते 20 रोल होतात. ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत. गार रोल तेलात सुटत नाहीत.

वरच्या कवचासाठी पाव शिळाच हवा. दोन दिवसांचा पाव तव्यावर मंद आचेवर कोरडा करून चुरावा. रोल आधी फेटलेल्या अंड्यात बुडवून मग चुऱ्यात घोळवावा आणि तळहाताने हलके दाबावा. चुऱ्याऐवजी बारीक रवाही चालतो. गोव्यात मासळीला लावतात तोच. रव्याचे कवच कडक होते, पावाचे हलके. खिम्याला पावाचेच बरे.

तेल शेंगदाण्याचे घ्यावे आणि 170 ते 180 अंश सेल्सियसपर्यंत तापू द्यावे. मोजायला साधन नसेल तर पावाचा तुकडा टाकून पाहावा. तो मिनिटभरात तांबूस झाला की तेल तयार. अशा तेलात कवचातली ओल लगेच वाफ होऊन बाहेर धावते आणि तोवर तेलाला आत शिरता येत नाही. तेल कोमट असेल तर वाफ जोर धरत नाही, क्रोकेट तेल पितो. एका वेळी चार-पाचच सोडावेत, कारण जास्त सोडले की तेल थंडावते. आतले मांस शिजलेलेच असते, त्यामुळे तीन-चार मिनिटे पुरतात. काढलेले क्रोकेट जाळीवर मोकळे ठेवावेत. डब्यात झाकले तर त्यांच्याच वाफेने कवच भिजते.

सोबत कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड पुरे. पाहुणे येणार असतील तर चुऱ्यात घोळवलेले, न तळलेले रोल आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि माणसे बसली की तळावेत.