स्मरणशक्तीची बाटली : माल पाहूनच सौदा करावा

जामसंड्यात कापड विकता विकता आम्ही एक गोष्ट शिकलो. लेबल कितीही भपकेदार असो, ताका उलगडून सूत पाहिल्याशिवाय सौदा करू नये. स्मरणशक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या अर्कांनाही हाच नियम लावावा, असे आमचे मत आहे.

त्याला कारणही घडले. आमच्या धंद्यातील एक बुजुर्ग स्नेही हिशेबात चुकू लागले, एकाच बिलाचे पैसे दोनदा पाठवू लागले. घरच्यांनी ब्राह्मीचे सरबत सुरू केले आणि आठ महिने वाट पाहिली. अखेर रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. इंजेक्शनांनी बराच फरक पडला, पण वाया गेलेले महिने आणि तुटलेली गिऱ्हाइके परत आली नाहीत.

मग या वनस्पतींत काहीच तथ्य नाही काय? तसेही नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ब्राह्मीतील 'बॅकोसाइड' या घटकांवर अनेक वर्षे काम केले आणि त्यातूनच १९९६ साली 'मेमरी प्लस' हे औषध बाजारात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ४६ निरोगी माणसांपैकी काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला गेला. शिकण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या कसोट्यांत त्यांची प्रगती १२ आठवड्यांनंतर सर्वांत जास्त दिसली. म्हणजे चार दिवसांत गुण येईल असे सांगणारा विक्रेता खोटे बोलतो. शिवाय ही माणसे निरोगी होती. विस्मृतीचा आजार त्याने बरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

गिंको या परदेशी झाडाचा तर मोठा गाजावाजा झाला होता. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर अनेक वर्षे चाचणी झाली आणि २००८ साली निकाल लागला की, त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना त्यामुळे रक्तस्रावाचाही धोका असतो. याउलट स्नोड्रॉप या फुलझाडात सापडलेल्या गॅलँटामिन या द्रव्याला अमेरिकेने २००१ साली अल्झायमरच्या औषधाचा परवाना दिला. तेही रोग बरा करत नाही, काही काळ लक्षणे सावरते. पण ते मोजून दिले जाते व डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले जाते.

आता व्यापाराची बाजू. आपल्याकडे ब्राह्मी हे नाव दोन वेगळ्या वनस्पतींना आहे. पाणथळ जागी वाढणारी नीरब्राह्मी ही एक आणि मंडूकपर्णी, म्हणजे आपल्या कोकणातला कारिवणा, ही दुसरी. लखनौचे काम पहिलीवर झाले, बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने खपतात. देवगड हापूसच्या पेटीत परप्रांतीय आंबा भरला की नुकसान कोणाचे होते, हे आपल्या बागायतदारांना सांगायला नको. म्हणूनच कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन घेतले गेले, आणि २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले. औषधी वनस्पतीच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी हाच कित्ता गिरवावा. कोणती वनस्पती, कोठली, किती अर्क, हे लिहून द्यावे.

गिऱ्हाइकांनीही बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, वनस्पतीचे शास्त्रीय नाव व मुदत पाहावी. घरातले बुजुर्ग विसरू लागले तर आधी ब-१२, थायरॉइड व साखर तपासून घ्यावी. चालू औषधे हकीम, वैद्य किंवा डॉक्टर जे असतील त्यांना दाखवावीत, आणि मगच अर्काचा विचार करावा.

फसलेला ताका परत करता येतो, हातचा गेलेला वेळ परत करता येत नाही.